वाचकांचे प्रश्न : विद्यापीठातील मतस्वातंत्र्य आणि ज्यूद्वेष

ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यामागोमाग गाझामध्ये युद्ध पेटले. त्याचे पडसाद अमेरिका आणि युरोपातील विद्यापीठांमध्ये अजूनही उमटत आहेत. या विषयावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेते. तिची एक मैत्रीण ज्यू आहे आणि एक पॅलेस्टिनी. पहिली म्हणते की विद्यापीठाने आम्हाला वाऱ्यावर सोडले. दुसरी म्हणते की ज्यूद्वेषाचा आरोप करून आमची तोंडे बंद केली जात आहेत. दोघींपैकी खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दोघींचेही खरे असू शकते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एप्रिल २०२४ मध्ये आंदोलकांनी आवाराच्या मध्यभागी तंबू ठोकून भोवती अडथळे उभारले. इस्रायलला पाठिंबा हा आमच्या धर्मश्रद्धेचा भाग आहे आणि तो सोडल्याखेरीज आम्हाला त्या भागातून जाऊ दिले जात नाही, अशी तक्रार घेऊन तीन ज्यू विद्यार्थी न्यायालयात गेले. विद्यापीठाने ही अडवणूक नाकारली नाही. अडवणारे लोक आमचे नव्हते, म्हणून जबाबदारीही आमची नाही, एवढाच बचाव त्याने केला. न्यायाधीश मार्क स्कार्सी यांनी १३ ऑगस्ट २०२४ रोजी तो फेटाळला आणि आवारातील जो भाग किंवा जी सोय ज्यू विद्यार्थ्यांना बंद असल्याचे विद्यापीठाला ठाऊक आहे ती त्याने इतरांसाठीही चालू ठेवू नये, असा हुकूम दिला. मात्र त्याच तंबूंवर ३० एप्रिलच्या रात्री प्रतिआंदोलकांच्या जमावाने काठ्या आणि फटाके घेऊन हल्ला केला होता आणि पोलिसांनी तो थांबवायला कित्येक तास लावले होते, हेही विसरता येत नाही.

आता दुसऱ्या मैत्रिणीची बाजू पाहू. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ज्यू विद्यार्थ्यांचा छळ रोखला नाही या कारणावरून कोलंबिया विद्यापीठाची ४० कोटी डॉलरची अनुदाने आणि कंत्राटे रद्द केली आणि पुढच्या मागण्यांत मध्यपूर्व, दक्षिण आशिया व आफ्रिका यांचा अभ्यास करणारा विभागच त्याच्या प्राध्यापकांच्या हातून काढून घेण्यास सांगितले. कोलंबियाने त्या क्षेत्रातील अभ्यासक्रमांच्या फेरतपासणीसाठी एक वरिष्ठ अधिकारी नेमण्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये २० कोटी डॉलर भरण्याच्या अटीवर तडजोड केली. हार्वर्डने मागण्या नाकारल्या, तेव्हा त्याचे सुमारे २२० कोटी डॉलरचे संशोधन अनुदान गोठवण्यात आले. न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ३ सप्टेंबर २०२५ रोजी ही कारवाई बेकायदा ठरवली. त्यांचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी एकाच कागदावर दोन गोष्टी लिहिल्या : हार्वर्डमध्ये ज्यूद्वेष होता आणि तो रोखण्यात विद्यापीठ कमी पडले, आणि तरीही सरकारने ज्यूद्वेषाचा उपयोग विद्यापीठांवर हल्ला करण्यासाठी आडोसा म्हणून केला. प्रयोगशाळेतील संशोधनाचे पैसे थांबवल्याने एकाही ज्यू विद्यार्थ्याचे वसतिगृह सुरक्षित होत नाही, हे समजायला कायदेपंडित असण्याची गरज नाही.

म्हणून आपल्या भाचीला एवढेच सांगावे, की दोघींपैकी एकीची निवड करण्याची सक्ती तिच्यावर कोणी केलेली नाही. प्रत्येक प्रसंगात मत कोणाचे होते हे नंतर पाहावे. आधी कोणाला काय केले गेले आणि त्यामुळे त्या व्यक्तीला वर्गात, ग्रंथालयात वा परीक्षेत इतरांच्या बरोबरीने जागा उरली की नाही, हे विचारावे.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे तुमच्या नियमांचा भंग ठरते का, असे अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत विचारले असता विद्यापीठांच्या अध्यक्षांनी 'ते संदर्भावर अवलंबून आहे' अशा अर्थाचे उत्तर दिले. हे उत्तर कायद्याने बरोबर होते का?

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने ते बरेचसे बरोबर होते आणि तरीही ते फार अपुरे होते. ती सुनावणी ५ डिसेंबर २०२३ ची. हार्वर्डच्या क्लॉडीन गे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिझ मॅगिल आणि एमआयटीच्या सॅली कॉर्नब्लूथ यांना काँग्रेसच्या सदस्य एलिस स्टेफानिक यांनी तो प्रश्न केला. चार दिवसांनी मॅगिल यांनी राजीनामा दिला. जानेवारीच्या आरंभी गेही पायउतार झाल्या.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील मतस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती सरकारला आणि म्हणून सरकारी विद्यापीठांना बांधते. ही तिन्ही विद्यापीठे खासगी आहेत. त्यांना बांधतो तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेत वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करता येत नाही, असे तो सांगतो. त्यात धर्माचा उल्लेख नाही. परंतु समान वंशपरंपरा या नात्याने ज्यूंना आणि तसेच मुस्लिम, शीख अशा समूहांनाही या भागाचे संरक्षण मिळते, ही भूमिका शिक्षण खात्याने २००४ पासून, सरकार कोणत्याही पक्षाचे असो, कायम ठेवली आहे. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांचा केलेला छळ संस्थेच्या माथी केव्हा मारता येतो, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या डेव्हिस खटल्यात घालून दिली. तो खटला लिंगाधारित छळाचा असला तरी वंशाच्या प्रकरणांतही तीच कसोटी लावली जाते : छळ गंभीर, सर्वदूर आणि कोणाही समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल असा हवा, त्यामुळे शिक्षणाची संधी हिरावली गेलेली हवी आणि संस्थेने जाणूनबुजून काणाडोळा केलेला हवा.

यातील शेवटच्या अटीचे वजन पाहायचे असेल तर बोस्टनचे न्यायाधीश रिचर्ड स्टर्न्स यांच्यासमोर २०२४ मध्ये आलेले दोन दावे शेजारी ठेवावेत. ज्यू विद्यार्थ्यांच्या तक्रारी जवळजवळ सारख्याच होत्या. एमआयटीविरुद्धचा दावा त्यांनी जुलैअखेरीस फेटाळला, कारण विद्यापीठाने उशिरा आणि अडखळत का होईना, पावले उचलली होती. आठवडाभरातच हार्वर्डविरुद्धचा दावा मात्र त्यांनी पुढे चालू दिला, कारण तक्रारीत वर्णन केल्याप्रमाणे हार्वर्डचा प्रतिसाद त्यांना वेळकाढू आणि विसंगत वाटला. घोषणा कोणत्या होत्या यापेक्षा घोषणांनंतर कार्यालयात बसलेल्या माणसांनी काय केले, यावर दोन निकाल वेगळे झाले.

मग संदर्भ म्हणजे काय? मोर्चातील सामूहिक घोषणा कितीही ओंगळ असली तरी ती बहुतेक वेळा मतप्रदर्शनात मोडते. तीच घोषणा एका विशिष्ट विद्यार्थिनीच्या दारावर रात्री लिहिली गेली की ती धमकी होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कॉर्नेल विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाचा उल्लेख करून त्यांना ठार मारण्याचे संदेश एका विद्यार्थ्याने टाकले. त्याला केंद्रीय न्यायालयाने २१ महिन्यांची कैद दिली आणि शैक्षणिक स्वातंत्र्यावर घाला आला असे त्यावर कोणी म्हटले नाही.

हा सगळा भेद तिन्ही अध्यक्षांना ठाऊक होता. लोकांना राग आला तो वेगळ्या कारणाने, आणि तो राग मला योग्य वाटतो. हार्वर्डने २०१७ मध्ये खासगी गटात टाकलेल्या अश्लील आणि वंशद्वेषी विनोदचित्रांवरून किमान दहा जणांचे प्रवेश रद्द केले होते. तेव्हा संदर्भाची इतकी बारीक चिकित्सा झाली नाही. एका समूहाचा अपमान झाला की तातडीने कारवाई आणि दुसऱ्याचा झाला की घटनाशास्त्राचे व्याख्यान, असे दिसले तर ज्या विद्यार्थ्याच्या वाट्याला व्याख्यान येते त्याला आपण दुय्यम आहोत हे कळायला वेळ लागत नाही.

प्रश्न : ज्यूद्वेषाची अधिकृत व्याख्या विद्यापीठांनी स्वीकारली की वाद मिटेल, असे वाचले. मग प्राध्यापकांच्या संघटना तिला विरोध का करतात?

उत्तर : आपण ज्या व्याख्येविषयी विचारता ती आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मरण आघाडीने मे २०१६ मध्ये बुखारेस्ट येथे स्वीकारली. ती कायद्याने बंधनकारक नाही, हे तिच्यातच म्हटले आहे. मूळ व्याख्या दोन-तीन वाक्यांची आणि बरीच मोघम आहे. खरा वाद तिला जोडलेल्या अकरा उदाहरणांवर आहे, कारण त्यांपैकी सात इस्रायलशी संबंधित आहेत. इस्रायलच्या कृत्यांसाठी सर्व ज्यूंना सामूहिकपणे जबाबदार धरणे, हे त्यांपैकी एक उदाहरण आहे आणि त्याबद्दल फारसा मतभेद नाही. परंतु इस्रायल राज्याचे अस्तित्व हाच एक वंशवादी उपक्रम आहे असा दावा करणे, हेही उदाहरण त्यात आहे, आणि येथे वर्गातील शिक्षकाची अडचण सुरू होते. १९४८ च्या, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या घटना पॅलेस्टिनी निर्वासितांच्या बाजूने शिकवणाऱ्या इतिहासकाराने नेमके कोठे थांबायचे? इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका ज्यूद्वेषी मानता येणार नाही, अशी सवलत त्या मजकुरात आहे हे खरे. पण 'तशी' म्हणजे कशी, हे ठरवणारा माणूस बहुधा प्रशासनातला असतो आणि त्याच्या डोक्यावर देणगीदार आणि सरकार बसलेले असते.

या मजकुराचे मुख्य लेखक केनेथ स्टर्न स्वतः ज्यूद्वेषाचे अभ्यासक आहेत. २००४-०५ मध्ये तो प्रथम लिहिला गेला तो युरोपात घटनांची नोंद करणाऱ्यांना एक समान मोजमाप मिळावे म्हणून. विद्यापीठात बोलण्यावर बंधन घालणारी नियमावली म्हणून तो वापरू नये, असे स्टर्न यांनी २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले आणि पुढेही ते तसेच सांगत आले आहेत. तरीही अमेरिकेत २०१९ च्या अध्यक्षीय आदेशाने नागरी हक्काच्या तक्रारी तपासताना ही व्याख्या विचारात घेण्यास सांगितले, ब्रिटनमध्ये २०२० साली शिक्षणमंत्र्यांनी ती न स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना कारवाईचा इशारा दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये हार्वर्डने एका दाव्याच्या तडजोडीत ती मान्य केली.

मार्च २०२१ मध्ये ज्यू इतिहास आणि होलोकॉस्ट यांच्या दोनशेहून अधिक अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा म्हणून दुसरा मजकूर मांडला. ज्यूंविरुद्ध ज्यू म्हणून केलेला भेदभाव, पूर्वग्रह, वैर किंवा हिंसा, अशी त्याची सरळ मांडणी आहे. इस्रायलवरील बहिष्काराची हाक किंवा झायोनवादाला, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला विरोध एवढ्यानेच ज्यूद्वेष ठरत नाही, असे तो म्हणतो. पण कोणी केवळ ज्यू आहे म्हणून त्याच्याकडून इस्रायलचा जाहीर निषेध करवून घेणे हा ज्यूद्वेष आहे, असेही तो स्पष्टपणे नोंदवतो. हा मजकूर मला अधिक नेमका वाटतो. लॉस एंजेलिसमधील अडवणुकीसारखा प्रकार त्याच्या कचाट्यातून सुटत नाही आणि इतिहासकाराचा वर्गही त्यात अडकत नाही. तरीही कोणतीच व्याख्या शिस्तभंगाच्या शिक्षेला पुरेशी नाही. नियम वर्तनाविषयी असावा; व्याख्या त्या वर्तनामागचा हेतू समजून घ्यायला मदत करते, एवढेच तिचे काम.

जर्मनीत काय झाले ते याच संदर्भात पाहावे. तेथे ज्यूंबद्दलची ऐतिहासिक जबाबदारी लोक मनापासून मानतात, आणि ती मानलीच पाहिजे. पण २०२४ मध्ये कोलोन विद्यापीठाने अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांना दिलेले सन्माननीय प्राध्यापकपद त्यांनी पॅलेस्टाइनच्या समर्थनार्थ एका पत्रावर सही केली म्हणून काढून घेतले. फ्रेझर स्वतः ज्यू आहेत.

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापिका आहे. शिक्षकाच्या स्वातंत्र्याची सीमा कोठे येते? होलोकॉस्ट घडलाच नाही असे म्हणणाऱ्यालाही ते मिळते का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो. शैक्षणिक स्वातंत्र्य हे त्या त्या विषयातील जाणकारांच्या शिस्तीशी जोडलेले आहे. अमेरिकी प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनात वर्गातील स्वातंत्र्य देतानाच, विषयाशी संबंध नसलेल्या वादग्रस्त गोष्टी शिकवण्यात आणू नयेत, असे बजावले आहे. होलोकॉस्ट नाकारणारा इतिहासाचा शिक्षक पुरावे वाचण्याच्या मूलभूत कामातच नापास ठरतो. होलोकॉस्ट नाकारणारे ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्व्हिंग यांनी, आपल्याला तसे म्हणणाऱ्या इतिहासकार डेबोरा लिपस्टॅट यांच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला, तेव्हा न्यायाधीश चार्ल्स ग्रे यांनी २००० साली अर्व्हिंग यांनी पुरावा जाणूनबुजून विपर्यस्त केल्याचा निष्कर्ष काढला, तो मतभेदाचा नव्हता, लबाडीचा होता. जर्मनी आणि फ्रान्समध्ये असा नकार हा गुन्हाच आहे. अमेरिकेत तो गुन्हा नाही. तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे आर्थर बुट्झ यांनी १९७६ मध्ये होलोकॉस्ट नाकारणारे पुस्तक लिहिले. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्या मतांचा जाहीर धिक्कार केला, पण बुट्झ हा विषय वर्गात आणत नाहीत म्हणून त्यांची नोकरी कायम ठेवली. त्या विद्यापीठातील ज्यू विद्यार्थ्यांना ते किती जड गेले असेल याची कल्पना करवत नाही, आणि तरी नियम म्हणून मला तो निर्णय समजतो.

सीमा ओलांडली जाते ती विद्यार्थ्याला आपल्या मताची किंमत मोजायला लावली की. मिशिगन विद्यापीठातील एका प्राध्यापकाने २०१८ मध्ये एका विद्यार्थिनीला शिफारसपत्र देण्याचे आधी कबूल केले. ती तेल अवीवला जाऊ इच्छिते हे वाचल्यावर, इस्रायलवरील शैक्षणिक बहिष्काराचे कारण देऊन त्यांनी नकार कळवला. विद्यापीठाने त्यांची त्या वर्षाची वेतनवाढ रोखली आणि अभ्यासरजेचा हक्क दोन वर्षे गोठवला. ही शिक्षा मला रास्त वाटते. बहिष्काराचे समर्थन करणारे लेख त्यांनी हवे तितके लिहावेत, सभा घ्याव्यात. परंतु शिफारसपत्र विद्यार्थिनीच्या गुणवत्तेविषयी असते आणि ते देताना शिक्षक आपल्या पदाची सत्ता वापरत असतो. पॅलेस्टिनी विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी असेच नाकारले असते तर उत्तर हेच असते.

याच्या उलट टोकाला स्टीव्हन सलाइता यांचे प्रकरण आहे. इलिनॉय विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले, त्यांनी जुनी नोकरी सोडली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये, सत्र सुरू व्हायला काही आठवडे उरले असताना, गाझा युद्धावरील त्यांच्या ट्वीटवरून ती नेमणूक रद्द झाली. त्यांतली काही वाक्ये मी कोणाही ज्यू मित्रापुढे उच्चारणार नाही. परंतु ती वर्गाबाहेरची होती, कोणत्याही विद्यार्थ्याला उद्देशून नव्हती आणि त्यांच्या अध्यापनाबद्दल तक्रार नव्हती. विभागातील सहकाऱ्यांनी केलेली निवड देणगीदारांच्या पत्रांच्या गदारोळात रद्द व्हावी, हे प्राध्यापक संघटनेला मान्य झाले नाही. तिने विद्यापीठावर ठपका ठेवला आणि विद्यापीठाला ८ लाख ७५ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले.

या दोहोंच्या मधले, म्हणून अधिक अवघड प्रकरण ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाचे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड मिलर यांनी तेथील ज्यू विद्यार्थी संघटनांना इस्रायलची हस्तके ठरवणारी विधाने केली आणि २०२१ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने झायोनवादविरोध ही समानता कायद्याखाली संरक्षित श्रद्धा ठरते आणि बडतर्फी अन्यायकारक होती, असे ठरवले. त्याच वेळी मिलर यांच्या स्वतःच्या वर्तनाचाही यात वाटा होता म्हणून त्यांची भरपाई निम्म्याने कमी केली. माझे मत विचाराल तर झायोनवादावर हवी ती टीका करणारा प्राध्यापक विद्यापीठात असावा, पण आपल्याच विद्यापीठातील विशीतल्या मुलांना त्यांच्या संघटनेवरून परक्या राज्याचे प्यादे म्हणणारा शिक्षक त्यांच्या उत्तरपत्रिका निष्पक्षपणे तपासेल, यावर त्या मुलांनी विश्वास तरी कसा ठेवावा?

प्रश्न : ज्यूद्वेषाला विरोध आणि विचारस्वातंत्र्य या गोष्टी मुळातच परस्परविरोधी आहेत का?

उत्तर : इतिहास तरी तसे सांगत नाही. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास प्रथम वर्षात ज्यू विद्यार्थी सात टक्क्यांच्या आसपास होते; १९२२ पर्यंत ते एकवीस टक्क्यांवर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्यावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला. प्राध्यापकांच्या समितीने तो उघडपणे नाकारला, पण पुढे 'चारित्र्य' आणि प्रादेशिक समतोल अशा गोंडस निकषांच्या आडून तेच साधले गेले.

जर्मनीत ७ एप्रिल १९३३ च्या सरकारी नोकरांविषयीच्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांना काढण्यास सुरुवात झाली. ग्योटिंगेन येथील भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक नोबेलचे मानकरी होते आणि पहिल्या महायुद्धात लढलेले असल्यामुळे त्यांना त्या कायद्यातून सूट होती. इतर ज्यूंना काढले जात असताना ती सूट स्वीकारायची नाही म्हणून त्यांनी जाहीर राजीनामा दिला. त्यांच्याच विद्यापीठातील ४२ अध्यापकांनी त्यावर निवेदन काढले, पण ते राजीनाम्याचा निषेध करणारे होते. ज्या विद्यापीठाने ज्यूंना बाहेर जाऊ दिले त्याच्यात काही दिवसांतच गणितज्ञ एमी नोएदर आणि भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न राहिले नाहीत, आणि १० मे रोजी जर्मनीभर विद्यापीठांचे विद्यार्थी पुस्तकांच्या होळ्या पेटवत होते. आज शैक्षणिक स्वातंत्र्याच्या नावाने बोलणाऱ्या कोणीही ज्यू विद्यार्थ्याची तक्रार ऐकून खांदे उडवू नयेत, असे मला वाटते ते यामुळे. आणि ज्यूंच्या संरक्षणाचे नाव घेऊन प्राध्यापकांच्या याद्या मागणाऱ्या सरकारनेही हेच वर्ष वाचावे.

प्रश्न : (पहिल्याच वाचकाचा पुढचा प्रश्न) भाचीसमोर असा प्रसंग आला तर तिने प्रत्यक्षात काय करावे?

उत्तर : तिच्यावर किंवा तिच्या कोणत्याही मैत्रिणीवर प्रसंग आला तर तारीख, वेळ, जागा, वापरलेले शब्द जसेच्या तसे आणि हजर असलेल्यांची नावे तिने त्याच दिवशी लिहून ठेवावीत. 'मला असुरक्षित वाटले' एवढ्यावर तक्रार थांबवू नये. कोणता वर्ग बुडला, कोणत्या दाराने जाता आले नाही, कोणत्या गटकार्यातून वगळले गेले, ते लिहावे, कारण कायदा तेच विचारतो. तक्रार आधी विद्यापीठाच्या नागरी हक्क किंवा समान संधी कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच मागावी. विद्यापीठ हलले नाही तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे साधारणपणे घटनेपासून १८० दिवसांच्या आत जाता येते. मात्र त्या कार्यालयाच्या बारा विभागीय शाखांपैकी सात मार्च २०२५ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला. ज्यू विद्यार्थ्यांसाठी लढत असल्याचे सांगणाऱ्या सरकारने त्यांच्या तक्रारी तपासणारी माणसेच कमी केली, याचे मला फार वाईट वाटते. उत्तराला विलंब होईल हे गृहीत धरून तिने विद्यापीठातील कागदपत्रांची प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि साक्षीदार म्हणून दुसऱ्या मैत्रिणीचे नाव द्यायला संकोच करू नये.